पत्र्यावरचा दगड आणि कपाटातली पॉलिसी

बोदवड तालुक्यातल्या कुठल्याही गावात एप्रिल-मे महिन्यात उंचावर उभे राहून चहूकडे पाहा. पत्र्याच्या छपरांवर दगड मांडलेले दिसतील. कुठे चार कोपऱ्यांना चार, कुठे सगळ्या कडेने ओळीने. मधूनच एखादे जुने टायर, फुटलेले जाते किंवा सिमेंटचा तुटका खांबही दिसेल. वादळवाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून घराच्या मालकाने केलेला हा बंदोबस्त. गावाने स्वतःच स्वतःचा उतरवलेला विमा म्हणा ना.

खानदेशातली जुनी घरे धाब्याची. जाड भिंती, वर लाकडी कडीपाट आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्यात धाबे गळायचे, दरवर्षी त्यावर नवी माती टाकावी लागायची. पण वाऱ्याने धाबे उडून गेले असे कुणी ऐकले नसेल. माती गेली, पत्रा आला. गळती थांबली आणि उडण्याची भीती सुरू झाली. मान्सून पोहोचण्याआधी मे-जूनमध्ये दुपारनंतर आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो आणि अवघ्या अर्ध्या तासात वारा आपले काम उरकून पुढे जातो.

हा वारा किती जोर लावतो, याचे उत्तर साध्या गणिताने काढता येते. इमारतींवरील वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ हे भारतीय मानक वापरतात. त्यातले सूत्र असे : वाऱ्याचा वेग दर सेकंदाला किती मीटर आहे ते घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे दर चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. ताशी ९० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दाब झाला ३७५ न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ३८ किलो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्याचे क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटर भरते. तेव्हा एका पत्र्याला वर ओढणारा जोर जवळपास १२४ किलो होतो, आणि छपराच्या कडांना तो याहूनही जास्त असतो. पत्र्याचे स्वतःचे वजन पंधराएक किलो. त्यावर दहा-दहा किलोचे चार दगड ठेवले तरी बेरीज ५५ किलोच्या पुढे जात नाही. वेग निम्मा, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर असेल, तर ओढ ३१ किलोच राहते आणि दगड पुरतात. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि तिथे दगड हरतो. मग पत्रा जातो, अँगल वाकतो आणि तोच दगड खाली घरात पडतो.

दगड कमी पडतो तिथे कामाला यायचा तो कपाटातल्या कागदाचा, म्हणजे पॉलिसीचा विमा. तो कागद वादळानंतर आपल्याला पुरेसे आणि न्याय्य पैसे कसे मिळवून देतो, आणि कुठे मिळवून देत नाही, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

मदत वेगळी, भरपाई वेगळी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पुढे जोर कमी होत ते उत्तर मध्य महाराष्ट्रावरून विदर्भाकडे सरकले. कोकणात हजारो घरांची छपरे गेली. तेव्हा राज्य सरकारने नेहमीच्या निकषांपेक्षा वाढीव मदत दिली. पूर्ण पडलेल्या घरासाठी दीड लाख रुपये.

नेहमीचे निकष काय आहेत, ते आपल्या भागातल्या माणसाने पाठच करावेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या दरांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये मिळतात. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्या घराला ४,००० आणि झोपडीला ८,००० रुपये. घराला लागून असलेल्या गोठ्यासाठी ३,०००. घराचे नुकसान किमान १५ टक्के असावे, ही अंशतः पडझडीच्या मदतीची अट. छपराचे वीस पत्रे उडाले, भिंती उभ्या आहेत, तर हे घर ‘अंशतः’ या रकान्यात जाते. ६,५०० रुपयांत आज पाच-सहा पत्रे येतात, मजुरी वेगळी.

ही रक्कम कमी म्हणून सरकारला दोष देणे सोपे आहे. पण ही मुळात मदत आहे, नुकसानीची किंमत नव्हे. मदत सगळ्यांना एका मापाने मिळते. तुमचे घर केवढे, त्यात काय होते, याच्याशी तिचा संबंध नसतो. विमा हा करार आहे. तुम्ही हप्ता भरलेला असतो आणि त्या बदल्यात कंपनीने ठरलेले नुकसान भरून देण्याचे लिहून दिलेले असते. बोदवडसारख्या ठिकाणी दावा बिघडतो तो बहुतेक वेळा इथे. माणूस विम्याचे पैसेही मदतीसारखेच घेतो. ‘मिळाले ते मिळाले’ म्हणून सही करतो. मदतीबद्दल आभार मानावेत. भरपाई मात्र मोजून घ्यावी.

आपल्या जळगाव जिल्ह्याला विमा नवा नाही. रावेर, यावल, मुक्ताईनगरच्या केळीवाल्यांना हवामानावर आधारित फळपीक विमा चांगला माहीत आहे. त्यात तापमानाचा निकाल महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर लागतो. पारा ठरलेल्या रेषेच्या खाली उतरला की पैसे लागू. शेतकऱ्याने काही सिद्ध करायचे नसते. घराच्या विम्यात मात्र कुठलेच यंत्र तुमच्या बाजूने बोलत नाही. तिथे कागद, फोटो आणि पावती बोलते. केळीच्या विम्याची सवय झालेला माणूस घराच्या विम्यात नुसता वाट पाहत बसला, तर पुरावा हातचा निघून जातो.

पॉलिसीत काय लिहिलेले असते

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, घरांसाठी एकसारखी पॉलिसी ठरवून दिली आहे. तिचे नाव भारत गृह रक्षा. आगीचा विमा देणाऱ्या प्रत्येक सामान्य विमा कंपनीला ती द्यावीच लागते आणि तिच्या मूळ अटी सगळीकडे सारख्याच असतात. यामुळे सामान्य माणसाची एक मोठी अडचण मिटली. एका कंपनीची पॉलिसी समजली की सगळ्यांची समजली.

या पॉलिसीत आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी साचणे, जमीन खचणे, झाड किंवा वाहन घरावर आदळणे, दंगल, पाण्याची टाकी फुटणे अशी संकटे धरलेली आहेत. वादळ आणि चक्रीवादळ हे दोन्ही शब्द त्यात आहेत. त्यामुळे ‘हे चक्रीवादळ नव्हते, नुसता वारा होता’ एवढ्यावर बोदवडच्या घराचा दावा संपत नाही. घर उघडे पडल्यावर त्या घटनेमुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली तर तीही यात येते. छप्पर गेलेल्या घरातून भांडी आणि गव्हाची पोती जाणे ही खेड्यातली खरीखुरी भीती आहे, म्हणून ही ओळ लक्षात ठेवावी.

घराची विमा रक्कम काढताना चटई क्षेत्र घ्यायचे आणि त्याला आजच्या बांधकाम खर्चाने गुणायचे. जागेची किंमत यात येत नाही. वादळ जागा उडवून नेत नाही. समजा घर ६० चौरस मीटरचे आहे आणि बांधकामाचा खर्च चौरस मीटरला १५,००० रुपये येतो. विमा रक्कम झाली ९ लाख. घरातल्या सामानासाठी या रकमेच्या २० टक्के, म्हणजे इथे १ लाख ८० हजार रुपये, वेगळे न मागताही धरले जातात. कमाल मर्यादा १० लाख. मलबा हटवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद-इंजिनिअरच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. दुरुस्ती होईपर्यंत भाड्याने राहावे लागले तर त्या भाड्याचीही तरतूद आहे.

या पॉलिसीतली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र दुसरीच आहे. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत ९ लाखांच्या घराचा विमा ६ लाखांचाच उतरवला असेल, तर कंपनी म्हणे : तुम्ही दोन तृतीयांश विमा घेतला, तेव्हा नुकसानही दोन तृतीयांशच भरून देऊ. ९० हजारांचे नुकसान झाले तर हाती ६० हजार. भारत गृह रक्षामध्ये ही कपात पूर्णपणे काढून टाकली आहे. नुकसान विमा रकमेच्या आत असेल तर ‘विमा कमी उतरवला होता’ या कारणाने पैसे कापता येत नाहीत. तसे कापले गेले असतील तर लगेच लेखी हरकत घ्या.

काही गोष्टी मात्र या पॉलिसीत येत नाहीत. ओट्यावर उभी असलेली मोटारसायकल तिच्या स्वतःच्या विम्यात बसते. घरातली रोख रक्कम धरली जात नाही. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. आपल्याकडे पुढच्या खोलीत विक्रीसाठीची कपाशी छताला टेकेपर्यंत भरलेली असते, रस्त्याकडच्या खोलीत किराणा दुकान असते. विक्रीचा माल हे घरसामान नव्हे. दुकानासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही वेगळी पॉलिसी आहे, आणि कपाशीबद्दल पॉलिसी घेतानाच लेखी विचारून घ्यावे.

आणखी दोन अडचणी आपल्याकडे फार दिसतात. पहिली नावाची. घर वडिलांच्या नावावर, नमुना ८ च्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव, आणि विमा उतरवलेला मुलाने. ज्याचे घर नाही त्याचे नुकसान कसे झाले, असा प्रश्न मग उभा राहतो. उतारा आणि पॉलिसी यांवरची नावे आजच जुळवून घ्या; वारस नोंद राहिली असेल तर ती करून घ्या. दुसरी अडचण कर्जाची. गृहकर्ज घेताना बँकेने विमा उतरवलेला असतो आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो. हप्ता कापला गेला आहे का, हे पासबुकात पाहा आणि बँकेकडून पॉलिसीची प्रत मागून घ्या. विमा नाही असे समजून बसलेल्या कितीतरी घरांना तो असू शकतो.

पहिले तीन दिवस

वादळ थांबल्यावर पहिली धाव माणसे आणि गुरे सुरक्षित आहेत ना, ते पाहण्याची. वीज मुख्य बटणापासून बंद करायची. त्यानंतर मोबाइल हातात घ्यायचा.

आधी बाहेरून चारही बाजूंनी घराचा फोटो घ्या. मग प्रत्येक खोलीचा, मग प्रत्येक मोडलेल्या वस्तूचा. उडालेले पत्रे जिथे जाऊन पडले तिथेच, न हलवता, त्यांचे फोटो काढा. शेजाऱ्याच्या शेतात पन्नास फुटांवर पडलेला पत्रा वाऱ्याच्या जोराची साक्ष देतो; तोच उचलून अंगणात रचला की साक्ष संपते. अँगलवर उरलेले वाकलेले हुक, फाटलेली भोके जवळून टिपा. शेजारची पडलेली झाडे, वाकलेले विजेचे खांब यांचेही फोटो ठेवा. वादळ एकट्या तुमच्या घरावर आले नव्हते, हे त्यातून दिसते.

त्याच दिवशी कंपनीला कळवा. फोन केला तर तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि पाठोपाठ ईमेल किंवा पत्र पाठवा. पॉलिसी क्रमांक, घराचा पत्ता, वादळाची तारीख आणि वेळ, नुकसानीचा ढोबळ अंदाज एवढे पुरे. अंदाजापुढे ‘प्राथमिक’ हा शब्द जरूर लिहा. नंतर आकडा वाढला तर अडचण येत नाही. एजंटला सांगितले म्हणजे कंपनीला कळवले, असे धरून चालू नका.

ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, म्हणजे ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो त्यांच्याकडून, पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागा. हा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विमा कंपनी आपली पाहणी वेगळी करते. पण वादळाची तारीख आणि नुकसानीचे स्वरूप सांगणारा तो सरकारी कागद आहे. त्यात ‘पत्रे उडाले’ एवढेच लिहून घेऊ नका. किती पत्रे, किती अँगल, कोणत्या भिंतीला तडा, टाकी फुटली का, हे सगळे नोंदवायला सांगा. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक वर्तमानपत्रातली बातमीही कापून ठेवा. महसूल मंडळातल्या महावेध हवामान केंद्राची वाऱ्याची नोंद मिळाली तर आणखी चांगले.

फोटो काढून झाले की ताडपत्री टाका. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे ही विमाधारकाची जबाबदारीच असते. छप्पर उघडे ठेवून मागाहून आलेल्या पावसात गहू भिजला, तर ‘हे टाळता आले असते’ असे कंपनी म्हणू शकते. ताडपत्री, दोरी, मजुरी यांच्या पावत्या जपा. मात्र पाहणी होईपर्यंत मोडके पत्रे भंगारवाल्याला देऊ नका. वादळाच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात हजर असतो आणि हातात पैसे नसलेल्या माणसाला तो देवासारखा वाटतो. त्याला दिलेला प्रत्येक पत्रा तुमच्या दाव्यातून गळतो.

सर्वेअर दारात येतो तेव्हा

मोठ्या दाव्याची पाहणी परवानाधारक सर्वेअर करतो. त्याची नेमणूक आणि मेहनताना कंपनीकडे असतो, पण त्याने निष्पक्ष मोजमाप करावे असा नियम आहे. २०२४ मध्ये आयआरडीएआयने दिलेल्या परिपत्रकांप्रमाणे दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय करायचा. कंपनीकडून उशीर झाला तर बँक दरापेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज द्यावे लागते. या मुदती कागदावर लिहून ठेवा. दावा कळवल्याची तारीख लेखी असेल तरच त्या मोजता येतात.

पाहणीच्या वेळी गप्पांच्या ओघात असा संवाद होतो :

“पत्रे जुनेच दिसतात, दादा. किती वर्षांचे असतील?”

“असतील की साहेब, वडिलांच्या वेळचे. पंचवीस-तीस वर्षं तर सहज झाली.”

खोटे बोलू नये, हे पहिले. खोटी माहिती सगळा दावा बुडवू शकते. पण अंदाजाने बोलण्याचीही गरज नाही. घर २००८ मध्ये बांधले, पत्रे २०१६ मध्ये बदलले, याची नोंद असेल तर तीच सांगा. माहीत नसेल तर “पावती पाहून सांगतो” म्हणा. सहज तोंडातून गेलेल्या ‘पंचवीस-तीस वर्षां’मुळे अहवालात ‘जीर्ण छप्पर’ असे शब्द येऊ शकतात. आणि सगळा वाद शेवटी याच शब्दांवर येतो : छप्पर वाऱ्याने गेले की जुनेपणाने?

अमेरिकेत हाच वाद दुसऱ्या रूपात झाला. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना हे हरिकेन लुईझियाना-मिसिसिपीच्या किनाऱ्यावर आदळले. तिथल्या नेहमीच्या गृहविम्यात वाऱ्याचे नुकसान भरून मिळते, पुराचे नाही. पुरासाठी १९६८ पासून सरकारी योजना वेगळी आहे. घराचा नुसता चौथरा उरला असेल तर ते वाऱ्याने पाडले की पाण्याने, यावर पैसे कोणी द्यायचे ते ठरत होते. वाऱ्याचे नुकसान पुराचे म्हणून दाखवून एका कंपनीने बोजा सरकारवर ढकलला, असा आरोप नुकसान मोजण्याचे काम करणाऱ्या दोन बहिणींनीच केला. तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. आपल्या पॉलिसीत वारा आणि पूर दोन्ही एकत्र आहेत, हे आपले भाग्य. तरी धडा तोच : पैसे कोण देणार आणि किती देणार, हे नुकसानीच्या कारणावर ठरते, आणि ते कारण पहिल्या अहवालात लिहिले जाते. म्हणून पाहणीच्या वेळी घरी थांबा, सर्वेअरसोबत प्रत्येक खोलीत जा, आणि दाखवलेल्या वस्तूंची यादी त्याला ईमेलने पाठवा. अहवालाची प्रत मागून घ्या.

हिशेब मांडू या

आकडे समजण्यासाठी एक कल्पित घर घेऊ. वादळात २२ पत्रे गेले. दर ११०० रुपये धरला तर २४,२०० रुपये. वाकलेले अँगल १८० किलो, किलोला ७५ रुपयांनी १३,५००. हुक, वायसर आणि वेल्डिंग ३,३००. मजुरी १२,०००. भिंतीचा वरचा थर आणि प्लास्टर ९,०००. पाण्याची टाकी ७,०००. इथवर ६९,००० झाले. टीव्ही, गाद्या, कपाट धरून सामान २१,०००. एकूण ९०,०००. मोडक्या पत्र्यांचे भंगार ३०० किलो, त्याचे ९,००० रुपये येतील. ते भंगार तुमच्याकडेच राहणार असेल तर वजा करा. न्याय्य दावा ८१,००० रुपयांचा. मलबा हटवण्याचा खर्च झाला असेल तर तो पावतीसह वेगळा.

आता याच घराला कंपनीचा प्रस्ताव ३०,००० किंवा ४०,००० रुपयांचा आला, तर नुसते ‘कमी आहे’ म्हणून उपयोग नाही. तफावत कुठे पडली, ते शोधा. ती बहुधा चार ठिकाणी सापडते. पत्रे मोजताना फक्त फाटलेले मोजले, वाकलेले ‘पुन्हा बसतील’ म्हणून सोडले. वाकलेले अँगल आणि वेल्डिंग धरले नाही. मजुरी आजच्या दराने लावली नाही. किंवा जुनेपणाबद्दल घसारा कापला. शेवटचे असेल तर कोणत्या कलमाखाली आणि किती टक्के कापले, हे लेखी विचारा. भारत गृह रक्षामध्ये विमा रक्कमच मुळी बांधकामाच्या चालू खर्चावर ठरलेली असते, हेही त्या पत्रात नमूद करा. सोबत गावातल्या दोन फॅब्रिकेटर आणि गवंड्यांचे, नाव-पत्ता-सही असलेले लेखी अंदाजपत्रक जोडा. कंपनीच्या आकड्यासमोर दुसरा आकडा ठेवला की चर्चेला जमीन मिळते.

सर्वेअरचा अहवाल हा महत्त्वाचा पुरावा आहे, पण तो अखेरचा शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. दावा नाकारण्याच्या पत्रात जे कारण दिले नाही, ते कंपनीला नंतर खटल्यात नव्याने काढता येत नाही, हेही न्यायालयाने २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात सांगितले. म्हणून नकार तोंडी ऐकून परत फिरू नका. कारणासह पत्र मागा. ते पत्र उद्या तुमच्याच कामाचे आहे.

आणि ती सही. पैसे देताना कंपनी ‘पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाली’ असा कागद पुढे करते. घरावर ताडपत्री आहे, पाऊस तोंडावर आहे, पैशांची गरज आहे; माणूस सही करतो. दबावाखाली किंवा दिशाभूल होऊन अशी सही झाली असेल, तर पुढचा हक्क बुडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. २०१५ मध्ये आयआरडीएआयनेही कंपन्यांना तेच बजावले. तरीही सावध राहा. सहीच्या वर ‘हरकत राखून स्वीकारले’ असे लिहा, आणि त्याच दिवशी कंपनीला तसे पत्र पाठवा.

न पटल्यास पुढची पायरी

पहिली पायरी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याची. साध्या मराठीत एका पानाचे पत्र पुरते : काय झाले, काय मागितले, काय मिळाले, फरक कशामुळे. सोबत आयआरडीएआयच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. १५५२५५ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे.

एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. जळगाव जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. लोकपालाकडे शुल्क नाही आणि वकील लागत नाही. सुनावणी व्हिडिओ कॉलवरही होऊ शकते, म्हणजे बोदवडहून पुण्याला हेलपाटे घालायची वेळ येतेच असे नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक आहे; तुमच्यावर नाही. तुम्हाला तो पटला नाही तर पुढचा रस्ता खुला राहतो.

तो रस्ता जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने माणसाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. मुदत दोन वर्षांची. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आणि घराच्या विम्याचा हप्ता त्याच्या आसपासही जात नाही. तक्रार घरबसल्या ऑनलाइनही दाखल होते.

आखाजीचा दिवस

खानदेशात वर्षाचा हिशेब आखाजीला होतो. सालदाराचे वर्ष त्या दिवशी संपते आणि नवे लागते, जुने देणे-घेणे मिटते, नवा करार ठरतो. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर असतात आणि घरातले कर्ते पुरुष आणि बाया वर्षाच्या बेरजा मांडत असतात. आखाजी अक्षय्य तृतीयेची, म्हणजे एप्रिल-मेमधली. वादळवारे सुरू होण्याच्या अगदी उंबरठ्यावरची.

त्या दिवशी आणखी एक हिशेब करावा. पॉलिसी असेल तर कपाटातून काढून मोठ्याने वाचावी; नसेल तर विचारपूस करावी. नाव, पत्ता, चटई क्षेत्र, मुदत संपण्याची तारीख तपासावी. मोबाइलने प्रत्येक खोलीचा, छपराचा आतून-बाहेरून फोटो काढून पुण्या-नाशिकला असलेल्या मुला-मुलीला पाठवून ठेवावा; आपला मोबाइल पाण्यात गेला तरी तो तिकडे शाबूत राहील. पत्रे, फ्रीज, टीव्ही यांच्या पावत्या एका पिशवीत घालून उतारा आणि पॉलिसीसोबत ठेवाव्यात. यात एक तास जातो.

दगड छपरावर राहू द्या. हुक घट्ट करून घ्या. पण या आखाजीला तो एक तास कागदांनाही द्या. वादळानंतर तुम्हाला किती मिळणार, हे बरेचसे त्या तासात ठरलेले असते.